स्पेस ऑपेरा आणि भूमिकाप्रधान खेळ : ताऱ्यांच्या महागाथेचे आकर्षण

व्हिडिओ गेम म्हटले की मोटारींची शर्यत, नेमबाजी किंवा क्रिकेट एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या माध्यमाची एक शाखा मात्र मैदानापेक्षा कादंबरीला अधिक जवळची आहे. ती म्हणजे रोल-प्लेइंग गेम, संक्षेपाने आरपीजी. या खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, संवादांत काय बोलायचे ते निवडतो, निर्णय घेतो आणि त्यांचे परिणाम पुढे कित्येक तास भोगतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत या शाखेतील काही अत्यंत गाजलेल्या कृती ‘स्पेस ऑपेरा’ या कथाप्रकारात घडलेल्या आहेत. गोव्यापासून बडोद्यापर्यंत मराठी घरांतील तरुण मुले या कथांत रमतात. त्यांत नेमके काय आहे, याची ही ओळख.

संज्ञेचा उगम

‘ऑपेरा’ या शब्दाचा येथे गायनाशी संबंध नाही. अमेरिकेत साबण कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या रडक्या रेडिओमालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत. त्याच धर्तीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द वापरला, तोही हेटाळणीने. अंतराळयानांच्या त्याच त्या साच्यातील कथांना मारलेला तो टोमणा होता. या प्रकारचा आरंभ सामान्यतः ई. ई. स्मिथ यांच्या ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ या कादंबरीपासून मानला जातो. ती १९२८ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे ‘स्टार ट्रेक’ (१९६६) आणि ‘स्टार वॉर्स’ (१९७७) यांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि टोमण्याचे बिरुद झाले.

विज्ञानकथा बहुधा एखाद्या वैज्ञानिक कल्पनेभोवती फिरते. स्पेस ऑपेरात विज्ञान हे निमित्त असते. अनेक ग्रह, अनेक वंश, साम्राज्ये, तह, विश्वासघात आणि या सर्वांतून वाट काढणारे एक यान, हा त्याचा ऐवज. त्या अर्थाने त्याचे नाते प्रयोगशाळेपेक्षा महाभारताशी अधिक आहे.

कागदावरून पडद्यावर

अंतराळातील भूमिकाप्रधान खेळ प्रथम कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळले गेले. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ १९७७ साली आला. त्यात पात्राची पूर्वायुष्यातील नोकरी फाशांवर ठरे आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच ते पात्र मरण्याचीही शक्यता असे. संगणकावर हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाला तो कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या खेळामुळे. चित्रपटांच्या कथेपूर्वी सुमारे चार हजार वर्षे घडणाऱ्या या कथेत नायकाने प्रकाशाचा मार्ग धरायचा की अंधाराचा, हे खेळणाऱ्यावर सोपवलेले होते.

त्याच संस्थेने नंतर स्वतःचे विश्व रचले. ‘मास इफेक्ट’ हा पहिला भाग २००७ साली, दुसरा २०१० साली आणि तिसरा २०१२ साली आला. पहिल्या भागात घेतलेला निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या भागात आठवणीने परत येतो, हे या त्रयीचे वैशिष्ट्य. २०२१ साली तिन्ही भाग एकत्रित, सुधारित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाले.

आकर्षणाची चार कारणे

पहिले कारण अंतराचे. स्पेस ऑपेरातील विश्व हे वस्तुतः शिडाच्या जहाजांचे जग आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये यानापेक्षा वेगाने निरोप पोहोचतच नाही, टपाल यानातूनच जाते. गोमंतकीय वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. लिस्बनहून निघालेले जहाज गोव्यास पोहोचण्यास साधारण सहा महिने लागत. राजाची आज्ञा येईपर्यंत येथील कारभाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने वागावे लागे. दूरच्या ठाण्यावरचा अधिकारी, हाती अपुरी माहिती आणि निर्णय मात्र आजच हवा, हा प्रसंग खेळासाठी अत्यंत सुपीक असतो.

दुसरे कारण सोबत्यांचे. या खेळांत नायक एकटा नसतो. यानावर निरनिराळ्या वंशांचे सहकारी असतात. मोहिमांच्या मधल्या वेळात त्यांच्या खोलीत जाऊन बोलता येते. ‘मास इफेक्ट २’चा बराचसा भाग या सोबत्यांच्या घरगुती अडचणी सोडवण्यात जातो. कोणाचा मुलगा बिघडला आहे, कोणावर देशद्रोहाचा खटला चालू आहे. शेवटच्या मोहिमेत यांपैकी कोणीही मरू शकतो. कोणाची अडचण आपण ऐकून घेतली आणि कोणाला कोणत्या कामावर नेमले, यावर ते बरेचसे अवलंबून असते.

तिसरे कारण निर्णयांचे. त्याच मालिकेत क्रोगन नावाचा लढवय्या वंश आहे. त्यांची वाढती संख्या रोखण्यासाठी इतर वंशांनी पूर्वी त्यांच्यावर एक रोग सोडलेला असतो. त्यामुळे हजारात एखादेच मूल जगते. या रोगावर उपाय द्यावा काय? दिला तर युद्धे पुन्हा पेटण्याचे भय, न दिला तर एका समाजाचा संथ अंत. ‘द आउटर वर्ल्ड्स’ (२०१९) मध्ये वसाहतीच कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. तेथे आरंभीच एका कारखानावजा गावाची वीज तोडायची की त्या गावातून पळालेल्यांच्या वस्तीची, हे ठरवावे लागते. दोन्हीकडे माणसेच आहेत.

चौथे कारण मोकळिकीचे. इतिहासावरील खेळात शेवट ठाऊक असतो; पानिपत जिंकता येत नाही. ताऱ्यांच्या प्रदेशात मात्र इतिहास अजून लिहिला गेलेला नसतो. साम्राज्यवाद, निर्वासित, वंशद्वेष हे विषय तेथे कोणत्याही जिवंत समाजाचे नाव न घेता मांडता येतात.

बडोद्याच्या नजरेतून

‘मास इफेक्ट’मध्ये सिटाडेल नावाचे एक महाकाय अंतराळस्थानक आहे. तेथे अनेक वंश एकत्र राहतात, व्यापार करतात आणि एकमेकांची भाषा यंत्राच्या साहाय्याने समजून घेतात. बडोद्यातील मराठी माणसास अशा नगराचे नवल वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी भाषा तेथे आली. तेव्हापासून घरात मराठी, बाजारात गुजराती, शिवाय हिंदी आणि इंग्रजी असा व्यवहार चालत आला आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, देशभरातील विद्वान आणि कलावंत या नगरीत आले. उस्ताद फैयाझ खाँ दरबारात होते, अरविंद घोष तेथे अध्यापक होते. २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथेच भरले.

परंतु सिटाडेलचे खरे चित्र तिच्या झगमगाटात नाही. तेथे क्वेरियन नावाच्या बेघर वंशाकडे चोर म्हणून पाहिले जाते. हा अनुभवही बडोद्याच्या इतिहासात आहे आणि तो कल्पित नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी परदेशातील शिक्षण घेऊन आले. महाराजांनीच ज्यांना शिष्यवृत्ती दिली, त्यांना त्यांच्याच राजधानीत राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांनी ज्या सयाजीबागेत वृक्षाखाली बसून संकल्प केला, ते स्थान संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. त्याच बागेत आज सरदार पटेल तारांगण आहे. राज्यकर्ता उदार असला तरी नगर उदार असतेच असे नाही, ही गोष्ट स्पेस ऑपेराचे चांगले लेखक जाणतात. म्हणूनच त्यांच्या कथांत राजसभेपेक्षा गोदीवरची माणसे अधिक लक्षात राहतात. ‘सिटिझन स्लीपर’ (२०२२) हा लहानसा खेळ तर सर्वस्वी अशाच एका पळून आलेल्या, रोजंदारीवर जगणाऱ्या पात्राचा आहे.

मर्यादा

विस्तार हेच या प्रकाराचे बळ आणि तोच त्याचा दोष. ‘स्टारफील्ड’ (२०२३) मध्ये हजाराहून अधिक ग्रह आहेत. पण त्यांतील बहुतेकांची रचना संगणकाने सूत्रानुसार केलेली असल्याने उतरावे तेथे तीच ती ठाणी दिसतात, अशी टीका झाली. दुसरी अडचण शेवटाची. ‘मास इफेक्ट ३’चा शेवट इतक्या खेळणाऱ्यांना असमाधानकारक वाटला की संस्थेला त्याच वर्षी विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. शेकडो निर्णयांचे धागे एका गाठीत बांधणे किती अवघड, हे त्यातून दिसले. यांतील बरेच खेळ प्रौढांसाठी असतात, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

मराठी कोठे आहे?

भारतीय प्रेक्षकाला ही सृष्टी नवी नाही. मिलिंद सोमण यांची भूमिका असलेली ‘कॅप्टन व्योम’ ही केतन मेहता यांची मालिका दूरदर्शनवर १९९८ साली आली होती. पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ हा २०२४ साली आलेला मोबाइल गेम भारतीय भविष्यसृष्टीत घडतो, मात्र तो लढतीचा खेळ आहे, भूमिकाप्रधान नव्हे. मराठी विज्ञानकथेला जयंत नारळीकर यांच्यासारखा समर्थ लेखक लाभला. तिचा कल मात्र विचाराकडे आणि पृथ्वीवरील माणसांकडे राहिला. ताऱ्यांच्या राजकारणाची महागाथा तिने क्वचितच लिहिली.

परिणाम असा की, आज बडोद्यातील किंवा पणजीतील मराठी मूल ज्या कथेत सर्वाधिक तास घालवते, ज्या कथेत ‘मी काय करावे’ हा प्रश्न त्याला खरोखर पडतो, ती कथा इंग्रजीत असते. वर उल्लेखलेल्या मोठ्या खेळांपैकी एकातही मराठी संवाद नाहीत. नैतिक पेचाची भाषाच परकी झाली, तर घरच्या भाषेकडे केवळ हिशेब आणि हाका उरतात.

एक अडथळा तांत्रिक होता. खेळ बनवण्याच्या अनेक साधनांत देवनागरी जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस पडे. २०२३ साली आलेल्या गोडो ४ या विनामूल्य साधनात ही मांडणी व्यवस्थित होते. केवळ मजकुराचा, निवडींवर पुढे सरकणारा खेळ करायचा असेल तर ट्वाइन हे साधनही विनामूल्य आहे आणि त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. चित्रे, अभिनय, कोट्यवधींचा खर्च या गोष्टी नंतरच्या आहेत. एक यान, चार सोबती आणि ज्याचे सोपे उत्तर नाही असा एक प्रश्न, एवढे भांडवल कोणत्याही मराठी लेखकाकडे आजही आहे.