हवाई इंधनभरणी : प्रोब-ड्रोग पद्धत

उडत्या टँकर विमानातून दुसऱ्या उडत्या विमानात इंधन सोडण्याची यंत्रणा. प्रचलित पद्धती दोन. अमेरिकी हवाई दलाची मुख्य पद्धत बूमची : टँकरच्या शेपटाखालचा ताठ दांडा तिथला कर्मचारी हलवत नेतो आणि मागून आलेल्या विमानाच्या अंगावरील खोबणीत बसवतो. इंधन वेगाने जाते, म्हणून मोठ्या बॉम्बफेकी विमानांना ती सोयीची. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, भारत आणि अमेरिकी नौदल प्रोब-ड्रोग वापरतात.

तिचा उगम ब्रिटनमध्ये, ॲलन कॉबम यांच्या फ्लाइट रिफ्युएलिंग कंपनीत झाला. 7 ऑगस्ट 1949 रोजी प्रोब बसवलेले मीटिऑर जेट या पद्धतीने 12 तासांहून अधिक काळ हवेत राहिले.

टँकरच्या पंखाखाली किंवा पोटात चक्रावर गुंडाळलेली नळी असते. तिच्या टोकाची टोपली म्हणजे ड्रोग. हवेच्या ओढीने ती उघडते आणि नळी मागे ताणून धरते. इंधन घेणाऱ्या विमानाला पुढे आलेली नळकांडी असते, ती प्रोब. वैमानिक टँकरपेक्षा जेमतेम चालण्याच्या वेगाने पुढे सरकतो. घाई केली तर फसतेच, कारण त्याच्याच विमानाच्या नाकापुढची हवा टोपलीला ऐन वेळी बाजूला ढकलते. त्यामुळे मुरलेले वैमानिक टोपलीवर नजर खिळवत नाहीत. टँकरकडे पाहून आपली जागा राखतात.

प्रोब टोपलीत घुसला की तिथली कडी त्याला पकडते. विमान आणखी थोडे पुढे गेले, नळी तेवढी गुंडाळली गेली, की झडप उघडते आणि टँकरवर हिरवा दिवा लागतो. या यंत्रणेचे खरे मर्म गुंडाळणाऱ्या चक्रात आहे. जोड होताना नळीला येणारी ढील त्याने तत्काळ ओढून घ्यायची असते. ती राहिली तर नळीत लाट उठते आणि प्रोबचे टोक तुटू शकते. हे टोक मुद्दामच कमजोर ठेवतात. जास्त ताण आला तर ते तुटावे, विमान वाचावे.

1982 च्या फॉकलंड युद्धात असेन्शन बेटावरून निघालेल्या एका ब्रिटिश व्हल्कन बॉम्बफेकी विमानासाठी 11 व्हिक्टर टँकर लागले. वाटेत टँकरांनी टँकरांनाच इंधन दिले. वादळी हवेत एका व्हिक्टरचा प्रोब तुटला, तेव्हा दोन टँकरांना आपापल्या भूमिका बदलाव्या लागल्या. त्याआधी व्हल्कनची ही यंत्रणा कित्येक वर्षे वापरात नव्हती. संग्रहालयांतल्या विमानांवरून प्रोब काढून आणावे लागले. वापराविना पडलेले उपकरण ऐन युद्धात किती महाग पडते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतीय हवाई दलाकडे 2003 पासून इल्युशिन-78 टँकर आहेत. त्यांचा तळ आग्रा. सुखोई-30 चा प्रोब नाकाच्या डाव्या बाजूने बाहेर येतो आणि काम झाले की आत जातो. मिराज व राफेलवर तो बाहेरच असतो. तेजसने सप्टेंबर 2018 मध्ये 20,000 फुटांवर 1,900 किलो इंधन घेतले.

नौदलाची गरज वेगळी. विमानवाहू नौकेवरून मोठा टँकर उडू शकत नाही. म्हणून गोव्याच्या दाबोळी तळावरच्या मिग-29के विमानांना एकमेकांना इंधन देण्याची सोय आहे : पोटाखाली नळीचा पॉड लावलेले मिग टँकर बनते. नौकेच्या छोट्या धावपट्टीवरून शस्त्रांचे वजन घेऊन निघताना इंधन कमी भरावे लागते. उड्डाणानंतर ती तूट जोडीदाराकडून भरून काढता येते.