नाव बेगमेचे, किल्ली कुणाची?

नाशिकहून धरमपूरच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले की सावळघाट ओलांडून आपण पेठच्या मुलखात शिरतो. डोंगर, सागाचे जंगल, नागली-वरईची शेते, पावसाळ्यात ओसंडणारे ओहोळ आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाया, अशी या तालुक्याची ओळख आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथे दहांतली नऊहून अधिक माणसे आदिवासी आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली ही इथली मुख्य वस्ती. याच मुलखात एकेकाळी मुसलमान घराण्याचे संस्थान होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजी दफ्तरात त्याचे नाव 'पेंट' असे पडले होते.

आपल्या समाजात इतिहास म्हटला की दिल्ली, आग्रा, विजापूर, फार तर अहमदनगर डोळ्यांपुढे येते. पेठ कुणाच्या गावीही नसते. पण लोकांच्या नावाने चालणाऱ्या कामावर खरी सत्ता कुणाची, हा आजचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर पेठचा इतिहास उघडून पाहावा, असे आम्हांला वाटते.

पेठचे राजे दळवी. मूळचे आपण राजपूत, असे हे घराणे सांगे. औरंगजेबाच्या काळात घराण्याच्या एका शाखेने इस्लाम स्वीकारला. धर्म बदलला, पण नावे मात्र मुलखाचीच राहिली. शेवटच्या राजाचे नाव होते लक्षधीर दलपतराव, तिसरा. मराठी नावाचा मुसलमान राजा आणि त्याची आदिवासी रयत, असे हे संस्थान. महाराष्ट्रातला मुसलमान या मातीत कसा मिसळला आहे हे सांगायला आणखी वेगळा पुरावा कशाला हवा?

घराण्याच्या दोन शाखांत भाऊबंदकी होती. त्या तंट्यामुळे पेशव्यांच्या सरकारने संस्थान बरीच वर्षे जप्तीत ठेवले. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत राजाने त्यांना मदत केली. बक्षीस म्हणून संस्थान परत मिळाले. पण जो देऊ शकतो तो काढूनही घेऊ शकतो. लक्षधीर दलपतरावाच्या मृत्यूनंतर बेगम नूरजहाँ हिला सालाना ६,००० रुपयांचा तनखा बांधून देण्यात आला आणि कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. महसूल सरकार गोळा करी, जंगल सरकार सांभाळी, निवाडे सरकार करी. संस्थान मात्र बेगमेचे!

या नावाच्या राज्यात रयतेचे काय चालले होते, ते १८५७ साली दिसून आले. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात भिल्ल-कोळ्यांनी उठाव केले. सिन्नरच्या बाजूला भागोजी नाईक उठला. डिसेंबरमध्ये हे लोण पेठ मुलखात आले आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. हरसूल आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे, तेव्हा ते पेठच्या हद्दीत होते. संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतराव यालाही साथीदारांसह फाशी देण्यात आली. बाजार लुटणारे कोळी काय मागत होते, हे त्यांच्या तोंडून कुणीही लिहून ठेवले नाही. दफ्तर लिहिणारा एका बाजूचा आणि फासावर जाणारा दुसऱ्या बाजूचा असला की इतिहास असाच अर्धा उरतो.

१८७८ मध्ये बेगम वारली आणि संस्थान खालसा झाले. त्याच १८७८ मध्ये हिंदुस्थान सरकारने जंगलाचा कायदा केला. राखीव जंगलात परवानगी नसेल ते सर्व मना, असे त्याचे सूत्र. पेठच्या माणसाच्या दृष्टीने या दोन घटना एकाच वर्षी घडल्या. राजा गेला आणि जंगलही गेले. त्या कायद्यात गावाच्या ताब्यातील जंगलाची, म्हणजे ग्रामवनाची, तरतूद होती. कागदावर ती राहिली, पण गावांच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. लोक जिथे पिढ्यान्‌पिढ्या नागली पेरत होते तिथे अतिक्रमणदार ठरले. पुढे एकसाली प्लॉट आले, म्हणजे एका वर्षाच्या मेहेरबानीची जमीन.

स्वातंत्र्यानंतर राजा-बेगम गेले आणि लोकांच्या नावाने योजना आल्या. यातली सर्वांत मोठी आपल्या महाराष्ट्राची रोजगार हमी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क देणारा असा कायदा देशात दुसरा नव्हता. काम मागायचे मजुराने, पण कोणते काम निघेल, कुठे निघेल, मोजमाप कोण घेईल, हे सारे कचेरीत ठरत असे. हजेरीपट मुकादमाच्या हातात. ज्याच्या हाती हजेरीपट त्याच्या हाती मजूर, हे खेड्यात कुणालाही शिकवावे लागत नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ठेकेदाराला मनाई केली, सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेला दिले. तरतूद चांगलीच होती. परंतु ज्या सभेला हिशेबाची वही वाचता येत नाही तिने अंकेक्षण करायचे ते कशाचे?

मग कायद्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. भूरिया समितीच्या शिफारशींवरून १९९६ च्या डिसेंबरात पेसा कायदा झाला, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात पंचायत राज्य नेणारा कायदा. पेठ तालुका या क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते २०१४ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. या नियमांप्रमाणे एखादा पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करू शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याची योजना आली. खर्च कशावर करायचा ते ग्रामसभेने ठरवायचे.

इथे नीट पाहायला हवे. पैसा येतो ग्रामपंचायतीला, ठरवायचे ग्रामसभेने, कागद तयार करायचा ग्रामसेवकाने, अंदाजपत्रक करायचे अभियंत्याने. या चौघांपैकी ज्याला कागद वाचता-लिहिता येतो त्याचेच बहुधा चालते. सरपंच बाई असेल तर आणखी एक पडदा मध्ये येतो. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, ही मोठीच गोष्ट. तरी 'सरपंचपती' हा शब्द मराठीत रुळला तो उगाच नाही. सही बाईची, शिक्का बाईचा, कारभार दुसऱ्याचा. नूरजहाँ बेगमेची कहाणी यापेक्षा वेगळी होती काय?

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. दावा तपासण्याचे पहिले काम ग्रामसभेचे, तिच्या वनहक्क समितीचे. पण दावा पुढे उपविभागीय समितीकडे जातो आणि शेवटचा शब्द कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीचा. दावे फेटाळले गेले, मंजूर झाले तेव्हाही कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी जमीन हाती आल्याच्या तक्रारी राहिल्या. त्यातूनच मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. पेठ, सुरगाणा, दिंडोरीची माणसे सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेली. दहावीची परीक्षा होती, मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून कापला. १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोहोचले ते फुटलेल्या तळव्यांनी. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून त्या रात्रीच्या चालण्याचे मोल आम्हांला अधिक वाटते. ज्यांच्या नावाने अर्धी शतक योजना चालल्या, त्यांनी स्वतः येऊन आपले नाव सांगितले, असे ते दृश्य होते.

पाण्याचेही तेच. दमणगंगा, पार या नद्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून गुजरातकडे वाहतात. त्यांचे पाणी वळवण्याचे आराखडे दिल्लीत बनले. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पातले झरी धरण नाशिक जिल्ह्यातले. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या प्रकल्पांचा उल्लेख येताच धरमपूर-डांगच्या आदिवासींनी मोर्चे काढले आणि मे महिन्यात गुजरात सरकारला पार-तापी-नर्मदा प्रकल्प रद्द करीत असल्याचे जाहीर करावे लागले. पेसा कायदा भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी 'विचारविनिमय' करायला सांगतो. विचारणे आणि संमती घेणे यांत जे अंतर आहे तेच मालक आणि पाहुणा यांच्यातले अंतर आहे.

मग लोकांच्या हाती काम खरोखर आले, असे कधी घडलेच नाही काय? घडले आहे, आणि तेही शेजारच्या तालुक्यात. दिंडोरीत कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे लोक जमवले आणि १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, वाटप आपण करायचे, पट्टी आपण वसूल करायची, हिशेब सर्वांसमोर ठेवायचा. हे लोण धरणाच्या वरच्या अंगाला पसरले आणि २००३ मध्ये साऱ्या प्रकल्पाचे पाणी संस्थांच्या संघाकडे आले. २००५ च्या राज्याच्या सिंचन कायद्यात संचालक मंडळावर कालव्याच्या मुखाचे, मध्याचे आणि शेपटाचे असे तिन्हीकडचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद झाली. शेपटाच्या माणसाला खुर्ची मिळाल्याशिवाय शेपटाला पाणी जात नाही, हा त्यातला धडा.

परंतु या चांगल्या गोष्टीलाही एक कड आहे. या संस्थांचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. दिंडोरीच्या द्राक्षबागांत खुडणीला, छाटणीला पेठची माणसे येतात. बाग त्यांच्या हातांवर उभी आहे, पण पाण्याच्या सभेत त्यांना जागा नाही. लोकांची संस्था म्हणताना लोक म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे.

वाचकहो, पेठची ही कहाणी आम्ही आपल्या अंकात सांगतो आहोत ती केवळ तिथे एक मुसलमान बेगम होऊन गेली म्हणून नव्हे. आपल्या घरातही हाच प्रश्न उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदानाच्या खर्चावर त्यांनी नजर ठेवायची. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या उर्दू शाळांतल्या आई-बापांना हा अधिकार आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या आणि इतर अनुदानित शाळांतली ही समिती फक्त सल्ला देणारी ठरली. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला. तो जपलाच पाहिजे, सरकारच्या हातून तो सुटू देता कामा नये. मात्र तो हक्क कौमेचा आहे की संस्थेच्या पाच-सात विश्वस्तांचा? सरकारला 'आमच्यात लुडबूड नको' म्हणणारे आपण, हमाल किंवा शिलाईकाम करणाऱ्या बापाला 'हिशेबाची वही बघ' असे कधी म्हटले आहे काय?

वक्फचेही असेच. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की देशातल्या सुमारे ४.९ लाख नोंदलेल्या वक्फ मिळकतींचे सालाना उत्पन्न १६३ कोटी आहे आणि नीट वापर झाला तर ते १२,००० कोटींच्या घरात जाऊ शकेल. २०२५ मध्ये वक्फ कायदा मोठ्या प्रमाणात बदलला गेला. बाहेरच्यांचा शिरकाव होतो म्हणून आपण मोर्चे काढले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तो लढा न्याय्य आहे. त्याच्याबरोबर आणखी एक लढा हवा: आपल्या मोहल्ल्यातल्या वक्फ जागेचे भाडे किती येते आणि कुठे जाते, हे जुम्म्याच्या नमाजीला, विधवेला, यतीमाला कळण्याचा. अमानत ज्याच्यासाठी ठेवलेली असते त्यालाच तिचा पत्ता नसेल तर ती अमानत कसली?

पेठच्या दीडशे-दोनशे वर्षांतून आम्ही तीन कसोट्या काढल्या आहेत. खात्याची किल्ली कुणाकडे आहे, वही कुणाला वाचता येते, आणि 'नको' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे. बेगमेकडे यांपैकी एकही नव्हते, म्हणून संस्थान तिच्या नावाचे असूनही तिचे नव्हते. वाघाडच्या शेतकऱ्याने यांतल्या दोन गोष्टी मिळवल्या. लाँग मार्चच्या माणसांनी तिसरीसाठी तळवे फोडून घेतले.

यातली वही मात्र आमच्या खात्यात येते. पाढे पाठ करवणारे आम्ही उस्ताद-उस्तानी, मुलांना जमाखर्च वाचायला शिकवतो का? आठवीच्या मुलीला मोहल्ला कमिटीचा ताळेबंद समोर ठेवून 'यात काय चुकले आहे सांग' असे विचारता येईल, इतके गणित तर आमच्या फळ्यावर व्हायला हवे. ती मुलगी उद्या सरपंच होईल, शाळा समितीवर जाईल, कदाचित एखाद्या वक्फची मुतवल्लीही होईल. तिच्या नावाने कुणी दुसऱ्याने कारभार करू नये, एवढी तयारी तिची आजच झाली पाहिजे.