कार्यालयीन सर्व्हर व नेटवर्क, लघुउद्योगांतील

कार्यालयीन सर्व्हर व नेटवर्क, लघुउद्योगांतील (छत्रपती संभाजीनगर) : पाच ते तीस संगणकांच्या कार्यालयात हिशेब, सामाईक फायली, छपाई व इंटरनेट यांसाठी केलेली मांडणी. छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) ती प्रामुख्याने चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या एमआयडीसी वसाहतींत दिसते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणारे उद्योग वाढले. मागे प्रेस किंवा मशीन शॉपचे शेड आणि पुढे पाच-सात टेबलांचे ऑफिस, ही इथली नेहमीची रचना. त्यामुळे पुस्तकी आराखड्यात नसलेल्या तीन गोष्टी इथे आधी विचारात घ्याव्या लागतात : वीज, ऊन आणि वेल्डिंग.

सर्व्हर : ज्याला सर्व्हर म्हणतात तो पुष्कळदा अकाउंटंटच्या टेबलाखालचा साधा पीसी असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यावर शेअर केलेला असतो, आणि त्याच पीसीवर मेल व व्हॉट्सॲपही चालते. अकाउंटंट रजेवर गेला आणि पीसी बंद राहिला, की स्टोअरचे चलन अडते. विंडोज १० व ११ या प्रणाली शेअरिंगसाठी एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या देतात. ऑफिस वाढू लागले की ही मर्यादा अचानक जाणवते. म्हणून ज्यावर कोणी बसत नाही असे यंत्र वेगळे ठेवणे ही सुधारणेची पहिली पायरी. ते महागडे असलेच पाहिजे असे नाही. एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन डिस्क, चांगला पॉवर सप्लाय आणि चालू सुरक्षा अपडेट एवढे पुरते. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तरी ‘चालतोय ना’ म्हणून तो कित्येक ठिकाणी तसाच ठेवला जातो.

वीज व उष्णता : एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. यूपीएसमधील सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सियस धरून सांगितलेले असते. दर १० अंशांच्या वाढीला ते ढोबळमानाने निम्मे होते. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर यूपीएस ठेवणे म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी बॅटरी विकत घेणे. घरगुती इन्व्हर्टर हा यूपीएसचा पर्याय नव्हे : वीज जाताना त्याला पालट करायला लागणाऱ्या क्षणभरात सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो, आणि त्या वेळी उघड्या असलेल्या फायली बिघडतात. बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळवून तो शिस्तीत बंद करणारी यूएसबी केबल अनेक यूपीएसबरोबर मिळते. ती बहुधा खोक्यातच राहते. अर्थिंग हा स्वतंत्र प्रश्न. जमीन दख्खनच्या बेसाल्टची. खाली कातळ लागला की खड्डा उथळ राहतो आणि उन्हाळ्यात माती वाळून रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी सवय त्यामुळेच आहे आणि ती बरोबर आहे. सर्व्हर जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे.

केबल : तांब्याच्या कॅट-६ केबलची मर्यादा १०० मीटर. शेडच्या टोकाचे क्वालिटी किंवा डिस्पॅच केबिन अनेकदा त्याबाहेर जाते. वेल्डिंग मशीन व मोटरचे ड्राइव्ह यांच्या पॉवर केबललगत नेलेल्या लॅन केबलमध्ये विद्युत गोंधळ शिरतो, मग ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार राउटरच्या माथी मारली जाते. मृगाच्या आसपासच्या विजांमध्ये दोन इमारतींना जोडणाऱ्या तांब्याच्या केबलवरून लाट येऊन स्विचचे पोर्ट जळतात. ऑप्टिकल फायबरला या तिन्ही अडचणी नाहीत. ऑफिस ते शेड एवढा एक पट्टा तरी फायबरचाच असावा. शेडमधील स्विच धूळबंद पेटीत, ऑफिसातला भिंतीवरच्या छोट्या रॅकमध्ये ठेवतात. पॅच पॅनलवर प्रत्येक वायरीला क्रमांक देण्याचे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते आणि पुढे तेच सर्वांत महाग पडते. कॅमेरे, हजेरीचे यंत्र व पाहुण्यांचे वायफाय हिशेबाच्या नेटवर्कपासून व्हीलॅनने (स्विचवरच केलेल्या आभासी विभागणीने) वेगळे करतात.

इंटरनेट : १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना बी-टू-बी विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. पोर्टलवरून क्रमांक मिळाल्याशिवाय बिल वैध ठरत नाही. म्हणजे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की भरलेली गाडी गेटवर उभी. त्यामुळे वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी जोडणी, निदान ४-जी वा ५-जीची, आता चैन राहिलेली नाही.

बॅकअप : कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी, असा बदल नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. मालकी किंवा भागीदारीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही, पण खंडणीखोर व्हायरस असा भेद करत नाही. सर्व्हरला कायम जोडलेली बाह्य डिस्क त्याच हल्ल्यात कुलूपबंद होते. दोन डिस्कवरच्या जुळ्या प्रतींचाही अशा वेळी उपयोग नाही. एक प्रत काढून मालकाच्या घरी किंवा क्लाउडवर ठेवतात आणि अधूनमधून ती दुसऱ्या पीसीवर उघडून पाहतात.

देखभाल : ही बहुधा वार्षिक करारावर बाहेरच्या हार्डवेअरवाल्याकडे असते. राउटर व सर्व्हरचे पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतात. करार बदलताना पहिले भांडण त्यावरूनच होते. तेव्हा पासवर्ड, परवान्यांचे क्रमांक व केबलचा नकाशा बंद पाकिटात मालकाच्या ताब्यात देण्याची अट करारातच लिहून घ्यावी.