गोविंद सदाशिव घुर्ये
गोविंद सदाशिव घुर्ये (१२ डिसेंबर १८९३, मालवण – २८ डिसेंबर १९८३, मुंबई) हे भारतीय समाजशास्त्रज्ञ होते. संस्कृतचा विद्यार्थी ते शहर व जातिसंस्थेचा अभ्यासक असा त्यांचा प्रवास झाला.

== शिक्षण ==
घुर्ये यांचे महाविद्यालयीन शिक्षण जुनागढचे बहाउद्दीन महाविद्यालय व मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय येथे झाले. संस्कृत विषय घेऊन ते बी.ए. झाले, एम.ए.ला त्यांना कुलपती सुवर्णपदक मिळाले.

१९१९ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू केला. त्या काळी मुंबईतील बहुसंख्य रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. कोकण, देश व अन्य प्रांतांतून आलेले गिरणी कामगार चाळींत दाटीने राहत. घुर्ये यांनी मुंबईचा नागरी केंद्र म्हणून विचार करणारा निबंध गेडिस यांना सादर केला. तो पसंत पडल्याने त्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. लंडनमध्ये काही काळ एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे शिकून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे निधन झाल्यावर ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जातिसंस्थेवरील प्रबंध पूर्ण केला.

== कार्य ==
१९२४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले व १९५९ पर्यंत त्या पदावर होते. 'कास्ट अँड रेस इन इंडिया' (१९३२) हा त्यांचा सर्वाधिक परिचित ग्रंथ. 'सिटीज अँड सिव्हिलायझेशन' (१९६२) या ग्रंथात त्यांनी शहरांचा विचार केला. भारतातील नागरीकरण केवळ कारखानदारीमुळे झाले नसून ग्रामीण भागाला लागणारी बाजारपेठ, उच्च शिक्षण व न्यायालये यांमुळेही शहरे वाढली, असे त्यांचे मत होते. पिण्याचे पाणी, गर्दी, अपुरी रेल्वे वाहतूक, वृक्षतोड व पादचाऱ्यांची गैरसोय या प्रश्नांकडे त्यांनी लक्ष वेधले.

१९५१ मध्ये इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

== प्रभाव व टीका ==
इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास व ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. घुर्ये यांनी संस्कृती व ऐक्यावर अधिक भर दिल्याने वर्गीय विषमता दुय्यम ठरली, अशी टीका केली जाते. देसाई यांनी मार्क्सवादी दृष्टी स्वीकारली आणि एस. देवदास पिल्लई यांच्यासह 'स्लम्स अँड अर्बनायझेशन' (१९७०) हा ग्रंथ संपादित करून झोपडपट्टीचा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला.