एनईएफटी (राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण)

भारतातील एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात रक्कम पाठविण्याची, रिझर्व्ह बँकेने चालविलेली व्यवस्था. ती नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र कार्यरत आहे. मोबाइल अ‍ॅप न वापरणारा खातेदार शाखेत छापील अर्ज भरून, बहुधा त्यासोबत धनादेश जोडून (पहा : धनादेश), हस्तांतरण करू शकतो. अर्जात लाभार्थ्याचे, म्हणजे रक्कम मिळणाऱ्याचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी हा शाखा ओळखणारा ११ वर्णांचा संकेतांक लिहावा लागतो, ज्यातील पहिली चार अक्षरे बँक दर्शवितात, पाचव्या स्थानी शून्य असते व उरलेले सहा वर्ण शाखेचे असतात. रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा होत असल्याने, नाव अचूक असूनही एखादा चुकलेला अंक ती परक्या खात्यात नेऊ शकतो. म्हणून अर्जातील खाते क्रमांकाचा रकानाच सर्वांत निर्णायक होय. व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटांत एकत्र करून बँकांमधील निव्वळ देणी भागविली जातात, तर आरटीजीएस या दुसऱ्या हस्तांतरण व्यवस्थेत प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे व तत्काळ पुरा होतो. मात्र तेथे किमान रक्कम २ लाख रुपये आहे (पहा : आरटीजीएस). एनईएफटीला अशी किमान मर्यादा नाही, आणि बँकेत खाते नसलेली व्यक्तीही ५०,००० रुपयांपर्यंत रोख भरून या व्यवस्थेद्वारे देशांतर्गत रक्कम पाठवू शकते.