बंदूक बदलली, नियम तोच राहिला

नोव्हेंबर २००४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिहाय परगण्यात, एक गर्भवती तरुणी घरासमोर गाडीत बसली होती. दूरच्या शेतात कुणीतरी हरणावर रायफल झाडली आणि चुकलेली गोळी येऊन तिच्या डोक्यात घुसली. ती वाचली, बाळही वाचलं. पण परगण्यात एकच मागणी उठली: इथे रायफल बंद करा, शिकार करायचीच तर शॉटगनने करा.

मागणी नवी नव्हती. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या आसपास हा नियम आधीपासून होताच. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या सपाट शेतीच्या राज्यांतही हरणासाठी रायफल वर्ज्य होती. १९००च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाखांवर आली होती. पुढे संरक्षण मिळालं तशी ती वाढली, आणि वाढली ती नेमकी शेतांत आणि वस्त्यांलगत. आयोवाने १९५३मध्ये आणि इलिनॉयने १९५७मध्ये शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू केला, तेव्हा गोळी अडवायला तिथे ना डोंगर होता ना दाट रान.

त्या काळी हिशेब सरळ होता. शॉटगन म्हणजे छऱ्यांची बंदूक, फार तर एकच जाड शिशाची गोळी. कार्ल फॉस्टरने १९३१मध्ये गुळगुळीत नळीसाठी घडवलेली गोळी सुमारे शंभर यार्डांपर्यंतच भरवशाची. याउलट १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आलेल्या थर्टी-ऑट-सिक्स या रायफलच्या काडतुसाची गोळी मैल-दोन मैल सहज ओलांडते. तिसरी, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ती ठासणीची बंदूक. कोकणातल्या शेतकऱ्याला ती वेगळी सांगायला नको. पेनसिल्व्हेनियाने १९७४पासून तिच्या चकमकीच्या अवताराला स्वतंत्र हंगाम दिला.

मग बंदुकाच बदलल्या. १९८५मध्ये टोनी नाइटची सुधारित ठासणीची बंदूक आली. शॉटगनच्या नळीला आतून आटे पडले, गोळीवर प्लास्टिकचं वेष्टण चढलं आणि तिचा पल्ला दुपटीच्या घरात गेला. नियम मात्र फॉस्टरच्या काळातलाच राहिला.

लिहायच्या घटनेनंतर पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या समितीने शॉटगन रायफलहून सुरक्षित असते हा समज तपासून घ्यायचं ठरवलं. संगणकावर गोळ्यांच्या वाटा मांडल्या गेल्या आणि २००७मध्ये अहवाल आला. नळी आकाशाकडे ३५ अंशांत धरली तर अपेक्षित तेच घडलं: रायफलची गोळी सुमारे १४ हजार फूट, शॉटगनची १० हजारांवर, ठासणीची ९ हजारांवर. पण शिकारी आकाशात गोळी झाडत नाही. त्याची नळी बहुधा जमिनीला समांतर असते. चुकलेली गोळी जमिनीवर आपटते आणि पाण्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढाव्यात तशी उसळत पुढे जाते. या उसळीसकट मोजलं तेव्हा शॉटगनची गोळी सुमारे ५,२०० फूट गेली, रायफलची सुमारे ४,८००! रायफलची वेगवान गोळी जमिनीवर आदळताना बरीच ऊर्जा गमावते. शॉटगनची जड गोळी त्या मानाने कमी. ठासणीच्या बंदुकीचा धोका मात्र खरोखरच कमी निघाला.

म्हणजे लोकांना ज्या बंदुकीने निर्धास्त वाटत होतं, ती नेहमीच्या नेमात रायफलहून सुरक्षित ठरत नव्हती. ओहायोने २०१४पासून काही मोजक्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. आयोवाही पुढे त्याच वाटेने गेलं.

मुळात शिकारीतल्या अपघातांत लांबवरच्या अनोळखी माणसाला गोळी लागणं तसं विरळच. बळी जातो तो बहुधा शिकाऱ्याचाच: सोबत्याला हरीण समजून किंवा पळत्या जनावरामागे नळी फिरवताना. त्यावर उपाय ठरले ते भडक नारिंगी जाकीट आणि सक्तीचं प्रशिक्षण. पेनसिल्व्हेनियात शिकारीतल्या गोळीबाराच्या अपघातांची नोंद १९१५पासून आहे. एकही मृत्यू नसलेलं पहिलं वर्ष त्या वहीत उजाडलं ते २०१२मध्ये, आणि तेव्हाही राज्याच्या बहुतेक भागांत हरणामागे रायफलच होती.