दीड सुताच्या नळीची कुळकथा

जुन्या विलीज जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवायचे ठरले की डिस्क मिळते, कॅलिपर मिळतो, पत्रा कापून ब्रॅकेट घडवून देणारा कारागीरही मिळतो. काम अडते ते नटापाशी. मारुतीचा मास्टर सिलिंडर आणलेला असतो. जीपचा जुना ब्रेक पाइप त्याच्या भोकाशी धरला की नट बोटांनीच फिरतो आणि सहज आत जातो. पान्याने आवळला तर आवळलाही जातो. जमले, असे वाटते. धोका नेमका इथे आहे, कारण तो नट त्या भोकाचा नाहीच.

जीपचा नट ३/८ इंचाचा, वर्कशॉपच्या भाषेत तीन सुती, म्हणजे ९.५२ मिमी. त्याचे आटे इंचाला २४. सिलिंडरचे भोक १० मिमीचे, त्याचे आटे मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला २५.४. आट्यांचा कोन दोन्हीकडे ६० अंशच. व्हर्नियर आणि पिच गेज लावल्याशिवाय हा फरक डोळ्यांना कळणे कठीण. बारीक नट मोठ्या भोकात शिरतो, पण आट्यांना आट्यांची पकड जेमतेम निम्मी मिळते. गच्च ब्रेक दाबला की नळीतला दाब चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या पुढे सहज जातो. टायरमधल्या हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन किलो. ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी हे अर्धवट धरलेले आटे निघून येण्याची भीती.

इतके सारखे दिसणारे आणि तरीही एकमेकांचे नसलेले हे दोन नट आले कुठून, हे पाहायचे तर ब्रेकमध्ये नळी शिरली तिथपासून सुरुवात करावी लागते.

मोटारींचे सुरुवातीचे ब्रेक सळ्या आणि तारा ओढून लागत. चारही चाकांवर सारखा जोर पोचवणे हे त्यात फार अवघड. एक तार ताणली गेली की गाडी एका अंगाला खेचायची. विमान कंपनीमुळे पुढे ज्यांचे आडनाव जगभर गेले त्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कम यांनी यावर द्रवाचा उपाय काढला आणि १९१७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पेडल दाबल्यावर द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम त्यांनी चाकापर्यंत नेला. १९२१ मध्ये ड्यूसनबर्गच्या मॉडेल ए मोटारीवर चारही चाकांना असे ब्रेक आले. त्याच वर्षी हायड्रॉलिक ब्रेक लावलेल्या ड्यूसनबर्गनेच ल माँ इथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिंकली. मात्र सुरुवातीचे कातडी वॉशर सुकून गळत. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी त्या जागी रबरी कप घातले, तेव्हा कुठे ही पद्धत सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत टिकू लागली.

आता पेडलपासून चाकापर्यंत नळी आली, आणि नळी आली की तिला टोके आली. नळीसाठी दोन गोष्टी हव्या होत्या: वाकवता यावी आणि फुटू नये. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून, भट्टीत तांबे वितळवून एकजीव केलेली नळी डेट्रॉइटच्या बंडी कंपनीने बाजारात आणली. आपल्याकडचे मेकॅनिक अजून तिला बंडी पाइपच म्हणतात. भिंत जेमतेम ०.७ मिमी, बाहेरचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे दीड सूत.

या पातळ भिंतीमुळेच टोकाचा प्रश्न उभा राहिला. ब्रेकचा जोड आट्यांवर बंद होत नाही. आटे फक्त दाबून धरतात. तेल अडवले जाते ते नळीच्या पसरवलेल्या तोंडाने, म्हणजे फ्लेअरने. म्हणून या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणे व्यर्थ, आणि तिचा तुकडा आत गेला तर घातकही. पोलादी नळीचे तोंड एकदाच पसरवले तर कडेला चीर जाते. त्यावर अमेरिकेत तोड निघाली ती तोंड आधी आत दुमडून मग पसरवण्याची. अक्षापासून ४५ अंशांचा हा दुहेरी फ्लेअर भोकातल्या उंचवट्याच्या शंकूवर बसतो आणि बाहेरून आटे असलेला नट त्याला मागून दाबतो. अमेरिकी मोटारींनी हेच टोक पत्करले, आणि जीपही त्यातलीच.

फ्लेअर असा ठरला तरी नटाचे आटे कोणते, हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे पहिले मोठे प्रमाण मांडले. त्यांचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुढे केला. त्यांचे म्हणणे रोकठोक होते: गोलाई देण्यात वेळ आणि हत्यारे जास्त लागतात, सपाट आटा साधा कारागीरही काढतो. युरोपातल्या मेट्रिक देशांनी १८९८ मध्ये झुरिचच्या परिषदेत आपला मिलिमीटरचा आटा ठरवला, आणि कोन घेतला ६० अंशांचाच. तीन सुती नट दहाच्या भोकात शिरून फसवतो त्याचे मूळ या निवडीत आहे. कोन वेगळा असता तर हाताला लगेच जाणवले असते.

इंग्रजांनी ५५ अंश सोडले नाहीत, आणि त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात दिसली. रोल्स-रॉईसचे मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकर्ड कंपनीला इंग्रजी आट्यांचे टॅप आणि डाय स्वतः घडवून घ्यावे लागले. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. यूएनएफ म्हणतात तो याच घराण्यातला बारीक आटा, आणि जीपचा तीन सुती, इंचाला २४ आट्यांचा नट त्याच्याशी जुळतो. या तारखेमुळे आपल्याकडच्या एका गाडीचे नशीब पालटले: अँबेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून उतरली ती या करारानंतरची. त्यामुळे इंग्रज वंशाची ही गाडी ब्रेकच्या नटात अमेरिकी जीपची नातलग निघते. फक्त आट्यांपुरती, कारण इंग्रजी गाड्यांत त्याच तीन सुती नटामागे अनेकदा दुहेरी फ्लेअर नसून एकदाच फुगवलेले गोलसर टोक असते.

त्याच नटाचा तिसरा सोयरा विमानातून आला. क्लीव्हलंडच्या आर्थर पार्कर यांच्या कंपनीने विमानांच्या नळ्यांसाठी जोड घडवले. ॲल्युमिनियमची नळी ४५ अंशांपर्यंत ताणली की तडकते, म्हणून तिथे कोन ३७ अंशांवर आला आणि आधाराला मागून वेगळी बाही बसली. लष्कर आणि नौदलाने मिळून याचे प्रमाण केले ते एएन. त्याच्या मापांची रीत सोपी आहे: क्रमांक म्हणजे इंचाचे सोळावे भाग, तीन क्रमांक म्हणजे ३/१६ इंचाची नळी. युद्धानंतर सरप्लसच्या ढिगांतून हे जोड शर्यतीच्या गाड्यांत शिरले आणि आज स्टीलच्या जाळीच्या होजबरोबर सर्रास विकले जातात. तीन क्रमांकाच्या एएन नटाचे आटेही ३/८ इंच, २४ च. ४५ च्या फ्लेअरवर तो पूर्ण चढतो, घट्ट बसतो आणि ओल धरतो, कारण शंकूवर शंकू न टेकता फक्त एक बारीक कड टेकते. मला हा जोड आटे चुकण्याइतकाच घातक वाटतो. इथे तर पिच गेजही सगळे बरोबर असल्याचे सांगतो.

युरोपने पुढे १० मिमीचा नट आणि फुगीर, बटणासारखे टोक पक्के केले. त्याला बबल फ्लेअर म्हणतात. जपानने नट घेतला युरोपसारखा १० मिमीचा, १ मिमी पिचचा, आणि टोक मात्र अमेरिकेचे, ४५ अंशांचे दुहेरी. सुझुकीमार्फत हेच मिश्रण १९८३ पासून मारुतीबरोबर आपल्याकडे आले. जुन्या इटालियन गाड्यांत तर १० मिमीचाच पण १.२५ पिचचा नटही भेटतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात घडलेल्या फियाट आणि पद्मिनी हाताळताना एवढ्यासाठी पिच मोजूनच पुढे जावे.

म्हणजे एकट्या मुंबईच्या रस्त्यांवर अमेरिकी जीप, इंग्रजी अँबेसेडर, इटालियन पद्मिनी आणि जपानी मारुती अशी चार कुळे एकत्र धावली, एकाच गॅरेजात एकाच ट्रेमध्ये त्यांचे नट पडले. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला दुकानदारासमोर नुसते 'ब्रेक पाइपचा नट द्या' म्हटले तर तो गाडी विचारतो, ते यासाठी. डिस्कची भर घातलेल्या गाडीत मात्र गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एका टोकाला एक कूळ आणि दुसऱ्या टोकाला दुसरे.

अशा वेळी बहुतेक जण पितळी ॲडॅप्टर शोधत फिरतात. एकावर एक दोन ॲडॅप्टर लावून जमवलेले जोडही दिसतात. मला ते पटत नाही, कारण प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे गळतीची आणखी एक जागा. डिस्कमुळे तर ही काळजी वाढते. ड्रममध्ये फिरता ड्रम शूला स्वतःच आत ओढून घेतो. डिस्कला ती मदत नाही, तिला सगळा जोर नळीतल्या दाबातूनच लागतो. म्हणजे जुन्या जोडांवर पूर्वीपेक्षा जास्त भार येतो.

या साऱ्या भांडणात एक गोष्ट कुणी बदलली नाही, ती म्हणजे नळी. अमेरिकेची ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी; मेट्रिक युरोपने ठरवलेला व्यास ४.७५ मिमी. आट्यांवरून शंभर वर्षे भांडलेल्या देशांनी दीड सुताची नळी जशीच्या तशी ठेवली. तेव्हा ॲडॅप्टर विकत आणण्यापेक्षा नळीलाच ॲडॅप्टर करावे. नव्या नळीच्या एका टोकावर तीन सुती नट चढवायचा, दुसऱ्यावर १० मिमीचा. जीप आणि मारुतीच्या जोडीत तर फ्लेअरही दोन्हीकडे तोच, ४५ चा दुहेरी. बदलतो तो फक्त नट. पलीकडे युरोपीय कॅलिपर असेल तर त्या टोकाला बबलची डाय लावायची. दुहेरी फ्लेअरची पहिली पायरी बबलसारखी दिसते म्हणून तिथेच थांबणारे कारागीर आहेत, पण त्या टोकाची पाठ नटाशी नीट जुळत नाही.

कोणते टोक करायचे हे भोक सांगते. टॉर्च मारून आत पाहावे: तळाशी शंकू वर आलेला दिसला तर दुहेरी फ्लेअर, शंकू नसून खोलगा दिसला तर बबल. नट फ्लेअरच्या आधी नळीत ओवावा. नळी कटरने काटकोनात कापावी, हॅकसॉने नव्हे, आणि आतली कोर काढून टाकावी. कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला तांबे-निकेलची नळी उत्तम. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल आणि थोडे लोखंड असते, ती गंजत नाही आणि फ्लेअरही सहज घेते. फ्रिजची तांब्याची नळी स्वस्त मिळते, पण कंपाने तिला तडा जातो, तिला ब्रेकमध्ये जागा नाही. तुटलेल्या ठिकाणी आतल्या कड्याने आवळून धरणारे कॉम्प्रेशन जोडही नकोत, दाबाखाली नळी त्यातून सरकून बाहेर येऊ शकते.

जोडणी झाली, हवा काढली की एकाने पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक नटाभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर आणखी आवळू नये. नट सोडून फ्लेअर उजेडात पाहावा. कड तिरकी झालेली असते, किंवा तोंडावर केसाएवढी चीर असते, किंवा भोकातल्या शंकूवर जुना ओरखडा असतो. पहिल्या दोन गोष्टींना नवे टोक, तिसरीला नवा सिलिंडर.